मोजमाप, पडदा आणि मिरजेचा तंबोरा : एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

साडेतीन लाखांच्या स्पीकरजोडीपेक्षा ऐंशी हजारांची जोडी उजवी ठरवणारा माझा लेख आपल्याला पटला नाही आणि त्याची कारणे आपण सविस्तर लिहिलीत, याबद्दल आभारी आहे. आपले म्हणणे असे: संगीत कानांनी ऐकायचे असते, मायक्रोफोनने नव्हे. पडद्याआड ठेवलेले स्पीकर भराभर बदलून ऐकल्याने काही कळत नाही. आणि गच्चीवर स्पीकरचा ध्वनी मोजून काढलेल्या आलेखाचा दिवाणखान्याशी संबंध नसतो. मिरजेत तंबोऱ्याची जवारी (तारेला गुंजता नाद मिळावा म्हणून घोडीला दिलेला आकार) आजही कानांनीच काढली जाते, हा आपला दाखला मला या सगळ्यांत वजनदार वाटला, म्हणून आधी त्याविषयी लिहितो.

जवारी काढणारा कारागीर घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा, पृष्ठभाग कानशीने किंचित घासतो, तार पुन्हा चढवतो, तिच्याखालचा दोरा केसभर सरकवतो आणि ऐकतो. वाद्य तेच, तार तीच, स्वर तोच. बदललेली गोष्ट एकच असते आणि आधीचा नाद कानांत ताजा असतानाच नवा ऐकला जातो. कानांवर विसंबण्यासाठी लागणारी ही सगळी शिस्त आहे, आणि पडद्याआडच्या श्रवणतुलनेत मी तीच पाळण्याचा प्रयत्न करतो. दुकानात मात्र तसे घडत नाही. एका स्पीकरची संवेदनशीलता (तेवढ्याच शक्तीवर तो किती मोठा वाजतो ते) 86 डेसिबल आणि दुसऱ्याची 89 असेल, तर अॅम्प्लिफायरची कळ न हलवता दुसरा 3 डेसिबल मोठा वाजतो, म्हणजे पहिल्याला दुप्पट शक्ती दिल्यासारखे होते. मोठ्या आवाजातला स्पीकर भरदार आणि मोकळा वाटणे अगदी स्वाभाविक आहे. एखाद्या डेसिबलचा फरकही निवड फिरवू शकतो, आणि ऐकणाऱ्याला तो आवाजाचा फरक म्हणून नव्हे तर दर्जाचा फरक म्हणून जाणवतो. म्हणून तुलनेआधी पिंक नॉइज (चाचणीसाठीचा सलग खळखळाट) वाजवून दोन्ही जोड्यांची पातळी अर्ध्या डेसिबलच्या आत जुळवली होती. हे केले नसते, तर त्या संध्याकाळच्या मतांना काहीच किंमत उरली नसती.

पडद्याविषयी आपण लिहिता की अनुभवी श्रोत्याला त्याची गरज नाही. ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी 1994 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात श्रोते आणि स्पीकर तेच ठेवून आधी न दिसता आणि मग दिसत असताना गुण घेतले. दिसू लागताच गुण बदलले. इतकेच नव्हे, तर स्पीकरची खोलीतली जागा बदलल्यावर न पाहता जो फरक श्रोत्यांना स्पष्ट कळत होता, तो पाहताना फारसा कळेनासा झाला. हे श्रोते स्पीकर बनवणाऱ्या कंपनीतलेच कर्मचारी होते. अनुभवाने कान तयार होतात, पण डोळ्यांचा प्रभाव त्याने जात नाही. निवांत, दीर्घकाळ ऐकण्याला माझा विरोध नाही. तेही पडद्याआडून करता येते.

आता आलेख. स्पीकर आणि मायक्रोफोन गच्चीवर सुमारे 2 मीटर उंचीवर, एकमेकांपासून 1 मीटरवर ठेवले, की जमिनीवरून परतणारा ध्वनी थेट ध्वनीनंतर सुमारे 9 मिलिसेकंदांनी पोहोचतो. तेवढ्या वेळातले मोजमाप निव्वळ स्पीकरचे असते, आणि साधारण 110 हर्ट्झच्या वर ते विश्वासार्ह ठरते. (खालचा भाग वूफरच्या, म्हणजे खालचे स्वर वाजवणाऱ्या मोठ्या शंकूच्या, अगदी जवळ मायक्रोफोन धरून घेतला आहे.) महाग जोडीचा समोरचा आलेख सरळ होता, म्हणजे सगळे स्वर सारख्याच जोराने येत होते, हे मी लेखात मान्यच केले आहे. दोष बाजूच्या कोनांत दिसला. साडेसहा इंची वूफर 2,000 हर्ट्झपर्यंत वापरला, तर तिथे ध्वनीची तरंगलांबी सुमारे 17 सेंटीमीटर, म्हणजे जवळपास वूफरच्या व्यासाइतकीच होते. त्यामुळे तो ध्वनी समोरच झोतासारखा फेकू लागतो. त्याच्या वर एक इंची ट्वीटर (वरचे स्वर वाजवणारा छोटा भाग) सुरू होताच ध्वनी पुन्हा चहूकडे पसरतो. क्रॉसओव्हरच्या, म्हणजे वूफरचे काम ट्वीटर घेतो त्या जागेच्या, खाली बाजूला खड्डा आणि वर उंचवटा, हे आलेखातले चित्र त्यातून येते. सांगली-मिरजेच्या बहुतेक घरांत गालिचा नसतो. फरशी आणि सिमेंटच्या भिंती हा बाजूचा ध्वनी जवळजवळ जसाच्या तसा परत पाठवतात. तंबोऱ्याच्या अखंड नादात हा दोष लपत नाही: त्या स्पीकरवर खुली जवारी थोडी चरचरीत झाली आणि गवयाचा आवाज एक पाऊल मागे गेला. कोणता आलेख कोणत्या जोडीचा हे ठाऊक नसलेल्या श्रोत्यांनीही जवळपास याच शब्दांत ते टिपून ठेवले होते.

एका मुद्द्यावर आपण बरोबर आहात. साधारण 200 ते 300 हर्ट्झच्या खाली खोलीचेच राज्य असते. बारा बाय बारा फुटांच्या खोलीत लांबी आणि रुंदी दोन्हींमुळे 47 हर्ट्झच्या आसपास एकाच ठिकाणी घुमारा उठतो, आणि तिथला आलेख स्पीकरपेक्षा खुर्ची कुठे ठेवली आहे हेच जास्त सांगतो. आपल्या घरी महाग जोडीचा खर्ज अधिक गोळीबंद वाटत असेल, तर त्यावर मी वाद घालणार नाही. मोजमापांवरून पसंतीचा अंदाज बांधण्याच्या ऑलिव्ह यांच्या 2004 च्या अभ्यासात 70 स्पीकरसाठी सहसंबंध 0.86 (1 म्हणजे पूर्ण जुळणी) निघाला, तो भक्कम आहे, पण पूर्ण नाही.

वाद्य घडवणारा नाद ठरवतो, स्पीकरने मात्र त्यात स्वतःचे काही मिसळू नये. मिरजेचा तंबोरा साडेतीन लाखांच्या स्पीकरवरही मिरजेचाच वाटला पाहिजे, आणि माझी तक्रार एवढीच आहे. आपल्या संग्रहातले तंबोऱ्याचे आपल्याला पाठ असलेले ध्वनिमुद्रण घेऊन सांगलीला या. प्रत्येक जोडीतला एकच स्पीकर वाजवू, कारण एकटा स्पीकर ऐकताना दोष जास्त स्पष्ट कळतात. पातळी आपल्यासमोर जुळवू, पडदा लावू, आणि बदलाची कळ आपल्याच हाती देईन. आपण त्या महाग स्पीकरला कौल दिलात, तर तो निकाल आपल्या शब्दांत मूळ लेखातच जोडेन.