पुस्तक काढून घ्या म्हणणाऱ्या त्या मेसेजबद्दल

गेल्या रविवारी नाशिकला ताईकडे गेले, तर भाचीचं पुस्तक स्वयंपाकघरातल्या कपाटावर, पापडाच्या डब्यामागे ठेवलेलं. भाची नववीत आहे. पुस्तक मीच तिला वाढदिवसाला दिलं होतं, टेरी प्रॅचेट या इंग्रज लेखकाची ‘द ट्रुथ’ ही कादंबरी. विचारलं तर ताईने काही न बोलता फोन पुढे केला. ‘पालकांनो, वेळीच जागे व्हा’ असा मेसेज, वर ती दुहेरी बाणाची खूण, म्हणजे कितीतरी हातांतून फिरून आलेला.

मेसेजमध्ये होतं ते थोडक्यात असं. जादू, बुटके, व्हॅम्पायर यांच्या कादंबऱ्या वाचून मुलांना खऱ्या-खोट्यातला फरक कळेनासा होतो, आणि हे म्हणे ‘अमेरिकेतल्या संशोधनाने सिद्ध’ झालंय. असलं लिहिणाऱ्यांना जगाचा अनुभव नसतो. ही आपली संस्कृती नाही. मुलांच्या हातात वर्तमानपत्र द्या, कारण छापलेलं खोटं नसतं. शेवटी मार्क ट्वेनच्या नावावर एक वाक्य, सत्य पायात बूट घालेपर्यंत असत्य जगाला फेरी मारून येतं, आणि मग ‘दहा पालकांना पाठवा’.

हा मेसेज माझ्याकडे याआधीही दोनदा आला होता आणि दोन्ही वेळा मी तो पुसून टाकला होता. आता त्याच्यामुळे एका मुलीच्या हातातलं अर्धवट वाचलेलं पुस्तक गेलं, तेव्हा उत्तर द्यायलाच हवं.

ज्या वाक्याच्या आधारे हे पुस्तक कपाटावर गेलं, तिथूनच सुरुवात करते. ते वाक्य मार्क ट्वेनचं नाही. ट्वेनचा जन्म 1835 चा. 1855 मध्ये लंडनच्या स्पर्जन या धर्मोपदेशकाने प्रवचनात बुटांचं हेच वाक्य ‘जुनी म्हण’ म्हणून सांगितलं, तेव्हा ट्वेन एकोणीस वर्षांचा होता आणि लेखक म्हणून त्याला कोणी ओळखत नव्हतं. त्याही आधी 1710 मध्ये जोनाथन स्विफ्टने लिहून ठेवलंय की असत्य उडत जातं आणि सत्य मागून लंगडत येतं. म्हणजे सत्याची बाजू घेणाऱ्या मेसेजमध्ये नावच खोटं. आणि हीच बुटांची म्हण ‘द ट्रुथ’मध्ये आहे. कादंबरीभर ती फिरते, आणि शेवटाकडे नायक म्हणतो की आता सत्याने बूट चढवलेत, आता ते लाथ मारणार. ज्याने कोणी हा मेसेज लिहिला त्याने पुस्तक उघडूनही पाहिलेलं नाही.

आता मुख्य मुद्दा, खरं-खोटं न कळण्याचा. ‘द ट्रुथ’ 2000 साली आली, प्रॅचेटच्या डिस्कवर्ल्ड या काल्पनिक जगावरच्या मालिकेतली पंचविसावी. गोष्ट सुरू होते ती एका अफवेने, की बुटक्यांना शिशाचं सोनं करता येतं. अफवा शहरभर पसरते. खरं तर बुटक्यांनी आणलेला असतो छापखाना, शिशाचे सुटे खिळे, म्हणजे एकेका अक्षराचे ठसे, जुळवून छापणारा. विल्यम नावाचा तरुण तोवर शहरातल्या बातम्यांचं पत्र लिहायचा आणि ते लाकडी ठशावरून छापून दूरदूरच्या मोजक्या श्रीमंतांना पाठवायचा. या छापखान्यामुळे त्याच्या हातून शहरातलं पहिलं वर्तमानपत्र निघतं. मग शहराच्या सत्ताधीशावर आळ येतो, की त्याने आपल्याच कारकुनाला भोसकलं आणि सत्तर हजार डॉलर घेऊन तो पळून जात होता. सगळं शहर विश्वास ठेवतं. विल्यम एक साधा प्रश्न विचारतो. सत्तर हजार डॉलरचं, म्हणजे तिथल्या सत्तर हजार नाण्यांचं, वजन किती?

इथे पोचल्यावर भाचीने काय केलं ते ताईला माहीत नव्हतं, मला माहीत होतं, कारण तिने रात्री साडेनऊला फोन केला होता. तिने देवघरातल्या डब्यातून रुपयाची दहा नाणी काढली आणि ओट्यावरच्या वजनकाट्यावर ठेवली. भरली 38 ग्रॅम. म्हणजे सत्तर हजार नाण्यांचे 266 किलो. “मावशी, एवढं तर आपला गॅसवाला दादापण उचलणार नाही. तो माणूस घेऊन पळणार कसा?” पुस्तकातला डॉलर आणि आपला रुपया सारख्या वजनाचे नसणार, हेही तिनेच मला सांगितलं. पण साधारण अंदाज तरी आला, म्हणाली. या मुलीला खरं-खोटं कळेनासं झालंय?

आणि ते संशोधन. कुठलं विद्यापीठ, कुठलं वर्ष, कुणी केलं, काहीच दिलेलं नाही. मी एक देते, नावानिशी. 2018 च्या मार्चमध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात अमेरिकेतल्याच एमआयटी विद्यापीठाच्या वोसुघी, रॉय आणि अराल यांचा अभ्यास आला. त्यांनी 2006 ते 2017 या काळात ट्विटरवर फिरलेल्या सुमारे 1 लाख 26 हजार बातम्यांचा माग काढला. त्या सुमारे 30 लाख लोकांनी पसरवल्या होत्या. 1,500 लोकांपर्यंत पोचायला खऱ्या बातमीला खोटीपेक्षा सहापट वेळ लागला. आणि हा फरक यंत्राने चालणाऱ्या खात्यांमुळे पडला नव्हता. तो पाडला माणसांनी, तुमच्या-माझ्यासारख्या मोठ्या माणसांनी. मुलांच्या हातातल्या कादंबऱ्यांचा यात काही संबंध नाही.

‘छापलेलं खोटं नसतं’ हे वाक्य तर मी ताईला दोनदा वाचून दाखवलं. कारण कादंबरीतल्या शहरातले लोक अगदी हेच म्हणतात, की खरं नसतं तर छापू दिलं असतं का. आणि असं म्हणत विल्यमच्या वर्तमानपत्रासमोर उभा केलेला दुसरा पेपर विकत घेतात, ज्यात बाईने नागाला जन्म दिल्याची बातमी असते. ही भोळी समजूत किती धोक्याची आहे ते दाखवायला प्रॅचेटने अख्खी कादंबरी खर्च केली.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. वर्तमानपत्र वाचायला द्या, हा सल्ला चुकीचा नाही. ताईकडे पेपर येतो. त्याच्या शेवटच्या पानावर तळाला अगदी बारीक अक्षरात मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावं आणि छापखान्याचा पत्ता असतो. मुद्रक-प्रकाशकांची नावं तर 1867 च्या कायद्यापासून छापावी लागतात. म्हणजे खोटं छापलं तर कुणाच्या दारात जायचं ते ठाऊक असतं. ताईला ती ओळ दाखवली आणि म्हटलं, आता या मेसेजखालची अशी ओळ मला दाखव.

लेखकाला जगाचा अनुभव नाही, हे तर निव्वळ अज्ञान. प्रॅचेट 1965 साली, सतराव्या वर्षी, शाळा सोडून ‘बक्स फ्री प्रेस’ या स्थानिक साप्ताहिकात वार्ताहर म्हणून लागला. पुढे वीज मंडळाचा प्रसिद्धी अधिकारी होता. 1995 मध्ये बिल गेट्सची मुलाखत घेताना त्याने विचारलं होतं की, उद्या मी स्वतःला कुठलीशी संस्था म्हणवून ज्यूंचा संहार झालाच नाही असा खोटा प्रबंध इंटरनेटवर टाकला, तर तो खऱ्या संशोधनाच्या शेजारी त्याच मानाने दिसेल ना? गेट्स म्हणाला, फार काळ नाही. तीस वर्षांनी कोण बरोबर ठरलं ते आपल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये आहे.

संस्कृतीबद्दल फार बोलत नाही. बोलणारे कोल्हे-सिंह आणि झाडाला लटकलेला वेताळ आपल्याच घरातले आहेत, आणि अरबी सुरस गोष्टी कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी एकोणिसाव्या शतकातच मराठीत आणल्या.

पुस्तक दहा वर्षांच्या मुलाला द्यावं असंही मी म्हणत नाही. त्यातले दोन गुंड निर्दयी आहेत, एक तर दिसेल ती पूड नाकात ओढतो. इंग्रजी कोट्या भाचीला अर्ध्याच कळतात. पेपरच्या नावाखाली ‘सत्य तुम्हाला मुक्त करेल’ छापायचं, तर एका अक्षराच्या चुकीने, इंग्रजी ‘free’चं ‘fret’ होऊन, ‘सत्य तुम्हाला बेचैन करेल’ छापलं जातं, हे मला समजावून सांगावं लागलं. हे आक्षेप कुणी घेतले असते तर मी ऐकून घेतले असते.

सगळ्यात जास्त लागलं ते ताईचं शेवटचं बोलणं. “खरं नसेलही गं, पण पाठवलं तर बिघडलं काय?”

ताई, 1 जुलै 2018. रविवार, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याचा आठवडे बाजार. मंगळवेढ्याकडून आलेली, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, भिक्षा मागून पोट भरणारी. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, हे त्याआधी कितीतरी दिवस फोनवर फिरत होतं. जमावाने त्यांना पकडलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि मरेपर्यंत मारलं. पाचही जणांना. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. त्या अफवा पाठवणाऱ्यांतही बहुतेक जण आपल्या मुलांच्या काळजीनेच पाठवत होते. तुझ्यासारखेच.

ताई गप्प बसली. मग तिने हा मेसेज जिच्याकडून आला होता त्या मैत्रिणीला लिहिलं, “हे कोणी लिहिलंय?” मैत्रिणीने तिच्या भिशीच्या ग्रुपवर विचारलं. आज चौथा दिवस, अजून कुणाचं उत्तर नाही.

पुस्तक अजून कपाटावरच आहे. ताई, ते खाली काढ. तिची शेवटची शंभर पानं राहिली आहेत, आणि कारकुनाला कोणी भोसकलं ते तिला अजून कळलेलं नाही.