टर्बोच बदला म्हणे!

गाडी जुनी, डिझेल, टर्बोवाली, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर टर्बाइन फिरवून इंजिनात जास्त हवा कोंबणारी. खंबाटकी घाटात ट्रकमागून बाहेर काढायची, ॲक्सिलरेटर दाबायचा आणि वाट बघत बसायची. मागचा कंटेनर हॉर्न देतोय. मग २००० आरपीएमच्या आसपास अंगात आल्यासारखी अचानक उसळी!

थोडा लॅग, म्हणजे ॲक्सिलरेटर दाबल्यापासून जोर येईपर्यंतचा उशीर, या गाड्यांना असायचाच. एक्झॉस्टचा जोर आल्याशिवाय टर्बाइन फिरणार कसं? ते मान्य. पण पूर्वी एवढा नव्हता, आता का, हे विचारायला कुठल्याही गॅरेजात जा, उत्तर तयार: "साहेब, टर्बो गेला. बदलून टाकू." बॉनेट अजून उघडलेलंही नसतं!

अहो, आधी टर्बोची गरम हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचा होज (पाइप) बघा की. क्लिपपाशी तेलकट ओल, जोर दिला की फुसफुस, मागे काळा धूर. म्हणजे हवा वाटेतच गळतेय. टर्बोचा जोर कमी-जास्त करणाऱ्या ॲक्च्युएटरकडे जाणारी व्हॅक्यूमची बारीक नळी तडकली असेल. थोडा एक्झॉस्ट परत इंजिनात सोडणाऱ्या ईजीआर व्हॉल्व्हमध्ये काजळी साचली असेल. निदान डिझेल फिल्टर तरी? स्कॅनर लावतात, तोही एरर कोड पुसायला. चालत्या गाडीत इंजिनाने मागितलेलं बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) किती आणि मिळतंय किती, हे दोन आकडे शेजारी ठेवून बघायला काय जातं? ट्रायलला मात्र पोरगं पाठवतात, गॅरेजच्याच गल्लीत, दुसऱ्या गिअरमध्ये. "चांगली पळतेय की!"

नळी किरकोळ पैशांत येते, टर्बोचं कोटेशन पाच आकडी. आणि नाही म्हटलं तर इंजेक्टर क्लीनरची बाटली तरी गळ्यात मारतातच.