पाच डॉलरचा गाईड

दिलेली बक्षिसी परत मागता येते, हे मला चौसष्टाव्या वर्षी कळलं. उसने पैसे परत मागतात, ठरलेलं लग्न फिसकटलं तर आहेरही मागतात; पण हसत हसत आपणच मुठीत कोंबलेली नोट दहा मिनिटांनी "वाईट वाटून घेऊ नका हं" म्हणत परत मागणारी बाई मी प्रथमच पाहिली. तीही हवाई बेटांवर, समुद्राला टेकलेल्या राजवाड्याच्या अंगणात. याला आठवडा होऊन गेला. अजून जेवता जेवता मध्येच आठवतं आणि वरणभात बेचव लागतो.

आम्ही तिथे का होतो ते थोडक्यात. मुलगी-जावई कॅलिफोर्नियात, आम्ही दोघं तीन महिन्यांसाठी त्यांच्याकडे, त्यात लांब सुटी आली. हवाईचं मोठं बेट, त्याच्या पश्चिम किनाऱ्यावर कैलुआ-कोना नावाचं गाव, आणि तिथे समुद्राकडच्या रस्त्यावर हुलिहेए राजवाडा. विमानतळावर उतरल्यापासून जावईबापू दर दारातून आत शिरताना, तिथल्या 'अलोहा' या नमस्काराच्या चालीवर, "आलो हां!" म्हणत होते. पहिल्यांदा मी हसलो. राजवाड्याच्या फाटकापाशी तेरावी वेळ होती.

आता शर्टाबद्दल. सौभाग्यवतींनी आदल्या दिवशी एका दुकानात 'दोनवर एक फुकट' बघून माझ्यासाठी निळ्या कापडावर पिवळी जास्वंदं असलेला बुशशर्ट घेतला. आमच्या ठाण्यात असा शर्ट फक्त बँजो पार्टी घालते. "इथे सगळे घालतात हो," असं ती म्हणाली. सगळे घालतात म्हणजे नेमके कोण कोण घालतात, हा तपशील पुढे महाग पडला.

बायका आणि जावई बर्फाचा गोळा आणायला गेले. त्याला तिथे शेव्ह आइस म्हणतात. गोळाच तो, फक्त काडी नाही, कागदाचा पेला असतो, आणि किमतीत आपल्याकडे अख्खी गाडी आडनावासकट विकत मिळेल. माझा गुडघा बोलत होता म्हणून मी राजवाड्याच्या पायऱ्यांजवळच्या सावलीत उभा राहिलो. हातात माहितीपत्रक, अंगात जास्वंदं, चेहरा मूळचाच सावळा. पुढचं तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही.

एक उंच, गोरी, टोपीवाली बाई आली. मागे तिचा नवरा, पोटावर पिशवी बांधलेला. बाईंनी थेट माझ्या डोळ्यांत बघून विचारलं, "तुमचा राजा इथेच राहायचा का?"

'तुमचा' या शब्दाला मी तिथेच अडवायला हवं होतं. पण मी ही सहल ठरल्यापासून तीन रात्री जागून या राजवाड्याबद्दल वाचलं होतं आणि घरात कुणी एक वाक्य ऐकून घेतलं नव्हतं. विमानात मी 'कुआकिनी' असं म्हटलं तेव्हा मुलीनं कानात बोंडं घातली होती. आणि इथे एक माणूस आपण होऊन प्रश्न विचारत होता!

"उन्हाळ्यात," मी म्हणालो. उत्तर खरं होतं. हे मी आवर्जून नमूद करतो, कारण पुढे मी जे जे बोललो त्यातलं एक वाक्य सोडलं तर सगळं खरं होतं.

आणि मग मी सुटलो. म्हटलं, 1838 साली गव्हर्नर कुआकिनी यानं हा बांधला. थोरल्या कामेहामेहा राजाच्या लाडक्या राणीचा हा भाऊ. 'जॉन अ‍ॅडम्स' हे नावही त्यानं स्वतःला जोडून घेतलं होतं. भिंती लाव्हाच्या दगडाच्या, जुडाई प्रवाळ भाजून केलेल्या चुन्याची. बाहेरचा गिलावा नंतरचा, कालाकाउआ राजानं करवलेला. (हा दगड बघून मला गलबलून आलं होतं. तो बेसॉल्ट, आपला सह्याद्रीही बेसॉल्टच. अर्धी पृथ्वी ओलांडून आलो तर समोर लोहगडाचा चुलतभाऊ. पण हे बाईंना सांगून उपयोग नव्हता.)

"तुमचं इंग्रजी किती छान आहे!" बाई म्हणाल्या.

चौतीस वर्षं बँकेत 'विथ रेफरन्स टू युवर लेटर' लिहिल्यावर होतंच ते. मी नुसता हसलो. त्यांना ते विनयाचं वाटलं.

"आणि तुमचं कुटुंब इथे कधीपासून आहे?"

"कुटुंब आत्ताच गोळा आणायला गेलंय," मी म्हणालो. बाई खो-खो हसल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "या लोकांना विनोदबुद्धी फार असते." नवऱ्यानं पिशवी सारखी केली. सबंध काळात त्यानं केलेलं हे एकमेव काम.

मग त्यांनी विचारलं, राजा कधी बेटाबाहेर गेला होता का? हा प्रश्न म्हणजे माझ्यासाठी फुलटॉस. कालाकाउआ 1881 मध्ये जगप्रदक्षिणेला निघाला. गादीवर असताना पृथ्वीला फेरी मारणारा पहिला राजा. जपान, चीन, सयाम करत कलकत्त्याला आला, तिथून आगगाडीनं मुंबईला, आणि मुंबईहून बोटीनं पुढे इजिप्तला. "म्हणजे तो माझ्या गावी आला होता," मी छाती काढून म्हणालो. बाईंनी समुद्राकडे हात करून "अर्थात, अर्थात!" म्हटलं.

इथे जरा थांबतो. त्या प्रवासामागे उसाच्या मळ्यांसाठी माणसं कुठून आणता येतील हे बघण्याचाही हेतू होता. पुढे 1885 पासून जपानी मजूर आलेच. तसं काही हिंदुस्थानात जुळून आलं असतं, तर कोण जाणे, आमचे पणजोबा राजापूर सोडून मुंबईच्या गिरणीत न जाता थेट इथे ऊस तोडायला आले असते, आणि मी आज खरोखरच या पायऱ्यांवर, याच शर्टात, पगारी उभा असतो. त्या बाईंची चूक म्हणजे इतिहासाच्या एका वळणाची चूक, इतकंच. असं मी त्या रात्री स्वतःला समजावलं. समजलो नाही.

सगळ्यात रंगलो ते राजकन्या रूथ केएलिकोलानीच्या गोष्टीत. हा राजवाडा एकेकाळी तिचा होता. देह सहा फुटांच्या वर, वजन चारशे पौंडांच्या पुढे. एवढा दगडी वाडा असून ही बाई राहायची कुठे? अंगणात, गवतानं शाकारलेल्या झोपडीत. 1883 मध्ये तिथेच वारली. आमच्या आजीला मुलानं फ्लॅट घेऊन दिला तरी ती गॅलरीतच गोधडी टाकायची, तसंच हे. फक्त आजीकडे हवाईतली लाखो एकर जमीन नव्हती. 1881 मध्ये मौना लोआचा लाव्हा हिलो गावाच्या वेशीपर्यंत आला, तेव्हा हीच राजकन्या तिथे गेली, लाव्हाला रेशमी रुमाल वाहिले, ब्रँडी अर्पण केली, आणि लाव्हा थांबला, असं सांगतात. आणि तिला इंग्रजी कळत असूनही ती बोलायची ती हवाईयनच. समोर गोरा असला तर त्यानं दुभाष्या आणायचा.

हे सगळं मी त्या बाईंना अस्खलित इंग्रजीत, मान तुकवून सांगत होतो, हे मला खोलीवर परतल्यावर जाणवलं.

"आता तुमच्या भाषेत काहीतरी बोला ना!" बाईंनी हात जोडले.

ते एक वाक्य इथेच आलं. हवाईयन भाषेची गंमत अशी की अक्षरं मोजून तेरा: पाच स्वर, सात व्यंजनं आणि एक कंठातला अटकाव. क, ल, म, न, ह असलीच मऊ व्यंजनं, आणि दर अक्षराला शेवटी स्वर. 'लवकर'ला 'विकिविकी' म्हणतात. मी घाबरलो होतो, खोटं बोलायची सवय नाही, त्यामुळे तोंडातून मनातलंच बाहेर पडलं:

"मला काही कळालं नाही."

बाईंनी डोळे मिटले. "किती सुंदर! समुद्रासारखं. पुन्हा म्हणा." मी पुन्हा म्हटलं. त्यांनी पाठ केलं: मालाकाही कालाला नाही. "अर्थ काय?" मी म्हटलं, "फार जुनं आहे. आमच्यात नवी पिढी थोरांसमोर म्हणते." (माहितीपत्रकावर हात ठेवून सांगतो, एवढंच काय ते खोटं. आमच्यात थोर म्हणतात, नव्या पिढीसमोर.)

मग ती पाच डॉलरची नोट. मी 'नको नको' म्हणालो, अगदी आपल्याकडे म्हणतात तसं दोनदा. तिसऱ्यांदा घ्यायची असते. घेतली.

तेवढ्यात कुटुंब आलं. जिभा लाल, हिरव्या, निळ्या. "अहो, पैसे कसले?" असं ठाण्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. आणि मुलीनं, जिला मी पोटाला चिमटा काढून इंग्रजी शाळेत घातली, तिनं बाईंना स्वच्छ उच्चारात सांगून टाकलं, की माझे वडील इथे काम करत नाहीत, ते इंडियाहून फिरायला आलेत.

बाईंचा चेहरा साखर म्हणून मीठ खाल्ल्यासारखा झाला. "मग हे सगळं तुम्हाला कसं माहीत?"

"वाचून," मी म्हटलं.

"वाचून!" त्या म्हणाल्या. कॉपी करताना पकडल्यावर आमचे कुलकर्णी सर ज्या आवाजात 'चिठ्ठी!' म्हणायचे, तो आवाज. मग थोडं इकडेतिकडे बघून, "तुम्हाला वाईट वाटणार नाही ना, पण मला वाटलं होतं तुम्ही..." आणि हात पुढे.

दिले. काय करणार?

चूक समजू शकतो. पण कुआकिनी तोच, 1838 तेच, रूथ तीच. मी इथला असताना या माहितीची किंमत पाच डॉलर होती. ठाण्याच्या माणसाच्या तोंडून तीच फुकट झाली. म्हणजे बाईंनी माहिती विकत घेतलीच नव्हती, त्यांना सावळ्या माणसानं जास्वंदं घालून, मान हलवत सांगणं हवं होतं. आणि मी खरा हवाईयन असतो तर? आपल्याच राजाच्या दारात उभं राहून आपलीच गोष्ट सांगायची आणि वर पाच डॉलर घ्यायचे, हे काय कमी आहे? 1893 साली इथल्या राणीला, लिलिउओकालानीला, गादीवरून उतरवलं, 1898 मध्ये बेटं अमेरिकेनं गिळली. 1993 मध्ये अमेरिकेच्या संसदेनं ठराव करून माफी मागितली. शंभर वर्षांनी माफी आली, राज्य नाही आलं. माझ्याकडून मात्र दहा मिनिटांत रोख वसुली.

सौभाग्यवतींचं म्हणणं वेगळंच. "दिलेत कशाला? गोळ्यात गेले असते."

आत गेलो. बाहेरच्यापेक्षा आत छान गार होतं. कोआ लाकडाचं सामान इतकं चकचकीत की त्यात माझी जास्वंदं दिसत होती. हे बरंचसं सामान एकदा लिलावात गेलं होतं, पुढे शोधून शोधून परत मिळवलं. मी हे मुलीला सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं.

त्याच खोलीत त्या बाईही होत्या. तिथल्या खऱ्या मार्गदर्शक, पांढऱ्या केसांच्या एक आजी, शांतपणे माहिती देत होत्या. त्यांचं बोलणं संपल्यावर टोपीवाल्या बाई पुढे झाल्या, हात छातीशी नेले आणि गदगदून म्हणाल्या,

"मालाकाही कालाला नाही."

आजींनी मान तिरकी केली. पुन्हा म्हणायला सांगितलं. बाई पुन्हा म्हणाल्या, या वेळी जास्त लाटा घालून.

"माफ करा," आजी हसून म्हणाल्या, "मला काही कळलं नाही."

सौभाग्यवतींना ठसका लागला. जावयानं खिडकीकडे तोंड फिरवलं, त्याचे खांदे हलत होते. बाई मागे वळून बोटानं मला शोधू लागल्या, तोवर मी वरच्या मजल्यावरच्या गॅलरीत पोचलो होतो. गुडघा दुखत होता तरी.

तिथून समुद्र फार सुंदर दिसतो.