पैसेवाल्यांचा छंद? छे!
नाणी जमवणारे बहुतेक पैसेवाले असतात, हे नाणी जमवण्याच्या छंदावरच्या तुमच्या लेखातलं वाक्य काही पटलं नाही. आमच्या साताऱ्यात कितीतरी जणांची सुरुवात देवघरातल्या डब्यातून झालीय. माझी झाली आजीच्या बटव्यातल्या भोकाच्या पैशाने. १९४३ ते ४७ मधला तो पैसा. आजोबांनी त्यातले दोन चक्क सायकलला वायसर म्हणून लावले होते!

पुढे मोडवाल्याकडे तांब्याच्या भावात शिवराया, म्हणजे मराठेशाहीतली तांब्याची नाणी, मिळाल्या. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसरीकडे ‘छत्रपति’. अक्षरं नीट दिसेनात म्हणून एक चिंचेने घासून लख्ख केली आणि तिची किंमतच घालवून बसलो. तांब्यावरचा तो काळपट थर काढायचा नसतो, हे लेखात ठळक यायला हवं होतं. ती चकचकीत शिवराई अजून माझ्याकडेच आहे, फुकट दिली तरी कोणी घेईना.