मावशीला विमान नको झालंय

काल रात्री मावशीचा फोन. लेकीच्या बाळंतपणाला बंगळुरूला जायचंय, तिकीट काढून महिना झाला, आणि आता म्हणते, "विमान नको रे, बस बघ." कारण भिशीच्या ग्रुपवर आलेला एक फॉरवर्ड. त्याचं म्हणणं असं: विमान आपोआप उडतं, पायलट नावाला. ट्रेनिंगमध्ये पुस्तकातली संकटं घोकून घेतात, बाहेरचं काही घडलं की रामभरोसे. आणि आणीबाणीत डोकं खाली घालून वाकायला लावतात ते दात शाबूत राहून प्रेताची ओळख पटावी म्हणून.

आपोआपचं एका ओळीत सांगतो. ऑटोपायलट सगळं धड असताना चालतो. मोठा बिघाड झाला की विमान माणसाच्याच हातात येतं.

आता घोकंपट्टी. १९ जुलै १९८९, अमेरिकेत डेन्व्हरहून शिकागोला निघालेलं युनायटेड एअरलाइन्सचं डीसी-१०, म्हणजे तीन इंजिनांचं विमान. शेपटातल्या इंजिनाची फॅन डिस्क, म्हणजे पंख्याची चकती, फुटली आणि तुकड्यांनी हायड्रॉलिकच्या, म्हणजे द्रवाच्या दाबाने विमानाचे कंट्रोल हलवणाऱ्या, तिन्ही यंत्रणा निकामी केल्या. कॅप्टन अल हेन्स यांच्या हातातले कंट्रोल शोभेचे उरले. यासाठी चेकलिस्टच नव्हती. प्रवाशांत त्याच कंपनीचा, डीसी-१० शिकवणारा डेनी फिच होता. त्याला आत घेतलं. तो दोन सीटच्या मध्ये गुडघ्यावर बसला आणि उरलेल्या दोन इंजिनांचे थ्रॉटल, म्हणजे जोर ठरवणारे दांडे, दोन्ही हातांनी कमीजास्त करत विमान वळवत राहिला. तेही बहुतेक उजवीकडेच वळत होतं! शेवटी सू सिटीच्या विमानतळावर आदळून पेटलं. २९६ पैकी ११२ गेले, १८४ वाचले.

याचा एनटीएसबीचा, म्हणजे अमेरिकेतल्या अपघात तपासणाऱ्या सरकारी संस्थेचा, अहवाल आहे. सिम्युलेटरवर हाच प्रसंग उभा केल्यावर दिसलं, की असं विमान सुखरूप उतरवायला पायलटना शिकवताच येत नाही. घ्या, एवढं दिलं फॉरवर्डवाल्याला. पण कॉकपिटमधल्या तिघांनी आणि फिचने, अशा चौघांनी मिळून जे केलं त्यातून सीआरएम ट्रेनिंगची किंमत कळते, हेही त्याच अहवालात आहे. सीआरएम म्हणजे कॅप्टनने विचारायचं आणि ज्युनिअरने दबून न राहता बोलायचं. हे सुचलं कसं? १९७८ मध्ये पोर्टलंडजवळ याच कंपनीचं विमान इंधन संपून पडलं. कॅप्टन चाकांच्या बिघाडात अडकलेला, फ्लाइट इंजिनीअरने इंधनाचं सांगितलं, पण ठणकावून नाही. दहा जण गेले. पुस्तकाबाहेरच्या संकटाची तयारी ती हीच.

दातांचं तर काय बोलावं! वाकलं की डोकं पुढच्या सीटवर कमी जोराने आपटतं, हातपाय भिरकावले जात नाहीत. १९८९ च्याच जानेवारीत इंग्लंडमध्ये केगवर्थला झालेल्या अपघातानंतर यावर नीट अभ्यासही झाला. हा मेसेज वाचून ऐनवेळी कुणी ताठ बसून राहिलं, तर फॉरवर्ड करणाऱ्याचं काय जातंय?

मावशीने सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, "तो गुडघ्यावर बसलेला वाचला का रे?"

वाचला. चौघेही वाचले.

"मग राहू दे तिकीट."