गावाची माहिती जमवतो, गाव चालवत नाही!

टॉडमॉर्डन. इंग्लंडच्या वेस्ट यॉर्कशायरमधलं आमचं एवढंसं गाव. त्याचा इतिहास मी हौसेने, पदरमोड करून जमवतो. आणि लोक मला विचारतात काय? "आमचा कचऱ्याचा डबा का नाही उचलला?" अहो, मी काय कौन्सिल आहे? ती हॅलिफॅक्सला बसते, तिकडे ओरडा ना! परवा तर एका बाईंनी गटाराच्या फुटक्या झाकणाचा फोटो धाडला, मापासाठी शेजारी बूट ठेवून. (फोटो झकास होता, ते सोडा.)

दुसरे महाभाग म्हणजे "टॉडमॉर्डन (शेजारच्या) लँकेशायरमध्ये येतं, चूक सुधारा"वाले. का, तर पोस्टकोड ओल्डहॅमचा, म्हणजे जुन्या लँकेशायरातल्या शहराचा! लँकेशायर-यॉर्कशायरची सीमा पूर्वी गावातूनच जायची, 1875 चा टाउन हॉल बरोब्बर तिच्यावर बांधलाय, सगळं मान्य. पण 1888 च्या कायद्यानंतर अख्खं गाव यॉर्कशायरात आलं की! तरी यांचा ठसका असा, जणू सीमा यांच्या आजोबांनीच आखली.

याच गावाने कॉक्रॉफ्ट (भौतिकशास्त्र) आणि विल्किन्सन (रसायनशास्त्र) असे दोन नोबेलवाले दिले, तेही एकाच शाळेतले. त्यांच्याबद्दल कुणी अवाक्षराने विचारेल? नाव नको!