जायफळाचं दूध आणि एडीएचडीची गोळी: भिशीच्या ग्रुपवरच्या त्या मेसेजला उत्तर

परवा रात्री साडेनऊला सहाणेवर काहीतरी घासल्याचा आवाज आला म्हणून स्वयंपाकघरात गेले तर सासूबाई जायफळ उगाळत बसलेल्या. शेजारी गंगावेशीतनं आणलेलं म्हशीचं दूध कोमट करून ठेवलेलं आणि हातातलं जायफळ निम्म्याच्या खाली आलेलं. मी म्हटलं, आई, बासुंदी करायचीय का? तर म्हणाल्या, "न्हाई गं, पोराला द्यायचंय. त्या गोळीनं जीव घाबरा होतोय न्हवं त्याचा, त्यावर सांगितलंय मोबाईलवर."

तो मेसेज आधी त्यांच्या भिशीच्या ग्रुपवर आला, तिथनं राजारामपुरीतल्या नणंदेकडे, तिथनं आमच्या घरच्या ग्रुपवर, आणि मला एका दिवसात चौघींनी पाठवला. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. लक्ष लागत नाही, मूल एका जागी टिकत नाही (यालाच एडीएचडी म्हणतात) म्हणून डॉक्टर मुलांना जी गोळी देतात ते ड्रग्ज आहे, परदेशात त्यावर बंदी आहे. गोळीने मूल घाबरं होतं, हात थरथरतात, छाती धडधडते, ही मेंदूची नस जळत असल्याची खूण. विष अंगात साठत जातं. असं दिसलं की त्याच दिवशी गोळी बंद करा आणि रोज रात्री एक अख्खं जायफळ दुधात उगाळून द्या, अकरा दिवसांत मूल शांत. खाली ठरलेलं वाक्य, डॉक्टर हे सांगणार नाहीत.

माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे, सहावीत. गेले आठ महिने मेथिलफेनिडेट घेतोय, म्हणजे मेसेजमध्ये जिला ड्रग्ज म्हटलंय तीच गोळी. त्यामुळे हा मेसेज नुसता बघून सोडून देणं मला जमणार नाही.

जायफळापासूनच सुरुवात करते कारण बाकीचं सगळं चुकीचं आहे पण हे धोक्याचं आहे. आपल्याकडे जायफळ किती वापरतात ते आठवा. बाळगुटीत सहाणेवर एखादा वेढा, पुरणात आणि श्रीखंडात चिमूटभर. आपल्या आज्या वेढे मोजून द्यायच्या, अख्खं जायफळ लेकराला कोणी दिलेलं मी तरी ऐकलं नाही. एक जायफळ साधारण पाच ग्रॅमच्या आसपास भरतं, मोठं असलं तर जास्तच, आणि पाच ग्रॅमपासून मोठ्या माणसांनासुद्धा विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. त्यात मायरिस्टिसिन नावाचं द्रव्य असतं. जास्त पोटात गेलं की तीन ते सहा तासांनी त्रास सुरू होतो: छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते, उलट्या, चक्कर, जिवाची तगमग, विनाकारण भीती, कधी कधी नसलेल्या गोष्टी दिसायला लागतात. हे दिवसभर किंवा त्याहून जास्त टिकू शकतं.

आता हे परत एकदा वाचा. धडधड, तगमग, भीती. ज्या त्रासावर म्हणून द्यायला सांगितलंय नेमका तोच त्रास ते जायफळ करणार, आणि तेही बत्तीस किलोच्या पोराला, रोज, अकरा दिवस. रात्री दूध पाजायचं, पहाटे पोरगं घाबरून उठलं की घरचे म्हणणार बघा गोळीचं विष अजून अंगात आहे, आणि दुसऱ्या रात्री अजून घट्ट उगाळणार. मला राग येतोय तो याचा, कारण दोष गोळीला जाईल आणि खरं कारण सहाणेवर पडलेलं असेल, कुणाला कळणारसुद्धा नाही.

बरं, एक गोष्ट त्या मेसेजवाल्याची खरी आहे, ती मान्य करते. गोळीने नर्व्हसनेस येऊ शकतो. हे लपवलेलं वगैरे अजिबात नाही, "डॉक्टर सांगणार नाहीत" हे तर साफ खोटं, आमच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. या औषधाच्या कंपनीच्या जुन्या माहितीपत्रकातच लिहिलेलं आहे की नर्व्हसनेस आणि झोप न येणं हे सगळ्यात जास्त दिसणारे त्रास आहेत, आणि पुढे हेही लिहिलंय की डोस कमी करून आणि दुपारी-संध्याकाळी गोळी न देऊन ते सहसा आटोक्यात येतात. मेसेजवाल्याने पहिलं अर्धं घेतलं आणि दुसरं अर्धं टाकून दिलं.

आमच्याकडेही झालं. दुसऱ्या आठवड्यात शाळेतनं आला तर गणिताच्या वहीचं एक पान खोडरबरने घासून घासून फाटलेलं, एकच उदाहरण पाच वेळा खोडलेलं. म्हणाला, "आई, पोटात धाकधूक होतीय, काय झालेलं नाही तरी." हात बघितले तर तळवे ओले. त्या रात्री मलाही झोप नव्हती, खोटं कशाला बोलू.

पण धाकधूक म्हणजे नस जळणं नव्हे. ही गोळी मेंदूतली डोपामिन आणि नॉरअॅड्रेनलिन ही दोन रसायनं जरा जास्त वेळ कामावर ठेवते, त्याने लक्ष लागतं. त्यातलं नॉरअॅड्रेनलिन म्हणजे आपण दचकल्यावर अंगात जे उसळतं त्याच जातीचं, म्हणून घाम, थरथर, धडधड. नाडी सरासरी मिनिटाला तीन ते सहा ठोके वाढते, ब्लडप्रेशर दोन ते चार अंकांनी. ही सरासरी झाली, एखाद्याचं जास्त वाढतं, म्हणूनच डॉक्टर दर भेटीत नाडी-बीपी बघतात आणि सुरू करायच्या आधी विचारतात की घरात कुणाला हृदयाचा आजार आहे का, मुलाला काचबिंदू आहे का, आधीपासून खूप घाबरट आहे का. हे प्रश्न विचारले तर खरी उत्तरं द्या, लाजू नका, आमचे एक नातेवाईक लहान वयात अचानक गेले होते ते मी सांगायला विसरले होते आणि नंतर फोन करून सांगितलं.

आणि गोळीने मुलं घाबरट होतात म्हणणाऱ्यांसाठी एक अभ्यास आहे. २०१५ साली याच जातीच्या उत्तेजक औषधांच्या २३ ट्रायल एकत्र करून २,९५९ मुलांची आकडेवारी तपासली गेली, खरी गोळी घेणारी आणि नुसती बिनऔषधाची गोळी घेणारी. एन्झायटीचा त्रास झाल्याचं प्रमाण खरी गोळी घेणाऱ्यांत कमी निघालं, सुमारे १४ टक्क्यांनी कमी. मी हे दोनदा वाचलं कारण मलाही उलटं वाटत होतं. मग माझ्याच पोराकडे बघितल्यावर पटलं. गृहपाठ राहिला, वही हरवली, बाईंनी सगळ्यांसमोर उभं केलं, हे रोज चाललं तर पोरगं घाबरेल नाहीतर काय? ते थांबलं की निम्मी भीती आपोआप जाते. याचा अर्थ कुणालाच त्रास होत नाही असा नाही, काहींना होतोच, ते त्या अभ्यास करणाऱ्यांनीही मान्य केलंय. पण "गोळी म्हणजे घाबरणं" हा नियम नाही.

विष साठतं म्हणे. मेथिलफेनिडेट दोन-तीन तासांत रक्तातनं निम्मं उतरतं. साध्या गोळीचा असर तीन-चार तास, हळूहळू सुटणारी असेल तर आठ ते बारा तास. सकाळची गोळी दुसऱ्या दिवशी सकाळी अंगात उरतच नाही तर साठणार काय? उलट काही मुलांना संध्याकाळी असर उतरताना चिडचिड, रडू, अस्वस्थपणा येतो. आमच्याकडे साडेपाच-सहाला यायचा. त्याला घरातले "विष वर आलं" म्हणतात, खरं तर ते औषध संपल्याचं लक्षण असतं.

मग केलं काय आम्ही? कालनिर्णयच्या चौकोनात पेन्सिलने लिहायला लागले. गोळी किती वाजता, नाश्ता काय, त्रास किती वाजता, झोप कधी. पंधरा दिवसांत असं दिसलं की त्रासाचे बहुतेक दिवस दोन प्रकारचे होते. एक, सकाळी सातच्या रिक्षाच्या घाईत नुसती गोळी पाण्याबरोबर आणि खाणं काही नाही. दुसरं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. सासरे सकाळी बशीत चहा ओततात आणि नातवाला दोन बशा पाजतात, वर शाळेतनं आल्यावर परत एक कप खारीबरोबर. एका कपात साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम कॅफीन. तेही उत्तेजक, गोळीही उत्तेजक, पोटात अन्न नाही, मग हात थरथरणार नाहीत तर काय होईल. एकदा तर सर्दीचं सिरप चालू होतं तेव्हा नाडी वाढलेली, डॉक्टर म्हणाले त्यातलं फिनाइलएफ्रिनही बीपी वाढवतं, सर्दीचं औषध विचारल्याशिवाय द्यायचं नाही.

ती पानं डॉक्टरांना दाखवली. त्यांनी डोस एक पायरी खाली आणला, तीन आठवडे तिथेच ठेवला, मग हळू वर नेला. आम्ही गोळी पोह्यांच्या नाहीतर भाकरी-दुधाच्या नंतर द्यायला लागलो, चहा बंद झाला, सासऱ्यांना वाईट वाटलं पण तेच आता बशीत दूध ओततात. धाकधूक महिन्याभरात जवळजवळ गेली. ज्यांची एवढ्याने जात नाही त्यांच्यासाठी दुसऱ्या पद्धतीने सुटणारी गोळी असते, अॅटोमॉक्सेटिनसारखं उत्तेजक नसलेलं औषध असतं. पण ते डॉक्टरांनी ठरवायचं. आपल्या मनाने बंद-चालू करायचं नाही, आणि हळूहळू सुटणारी गोळी "अर्धीच देऊया" म्हणून कुटून तर अजिबात द्यायची नाही, दिवसभराचा डोस एकदम सुटतो.

मात्र छातीत दुखलं, चक्कर येऊन पडलं, नसलेलं दिसायला-ऐकायला लागलं किंवा मूल जिवाचं बरंवाईट बोलायला लागलं तर कॅलेंडर लिहीत बसू नका, पुढची गोळी न देता लगेच दवाखाना गाठा.

राहिलं ड्रग्ज आणि बंदी. आपल्याकडे ही गोळी एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते हे खरं, म्हणून चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि दुकानदार नोंद ठेवतो. गैरवापर होऊ शकतो म्हणून कुलपात ठेवा, आमच्याकडे कपाटात असते. पण बंदी कुठली? कुठल्या आजारावर काय उपचार करावेत हे डॉक्टरांना सांगणाऱ्या इंग्लंडच्या नाइस संस्थेच्या २०१८ च्या मार्गदर्शनात पाच वर्षांवरच्या मुलांसाठी औषध लागलंच तर पहिलं हेच सांगितलंय. १९४४ साली स्वित्झर्लंडमध्ये तयार झालं, १९५४ पासून बाजारात आहे. आपल्या पोरांवर कोणी नवीन प्रयोग करत नाहीये.

आईंना त्या रात्री मी एवढं सगळं नाही सांगितलं. जायफळ पोटात जास्त गेलं तर काय होतं तेवढंच सांगितलं, तर त्यांनी सहाण धुतली आणि म्हणाल्या, "मग भिशीतल्या बायकांना कोण सांगणार?" कारण त्यांच्यातल्या एकींच्या नातीला गेल्या महिन्यात हीच गोळी सुरू झालीय आणि मेसेज बघून त्यांनी गुरुवारपासून बंद केलीय. त्यांच्याशी फोनवर बोलले. जायफळाचं दूध दोन रात्री दिलं होतं, "लई नाही, पाव असेल" म्हणाल्या. ते थांबवायला सांगितलं, डॉक्टरांना आजच फोन लावायला सांगितला, बंद केलीय हेही सांगा म्हटलं. उद्या दुपारी मी आणि आई आमचं कालनिर्णय घेऊन त्यांच्या घरी जातोय.